पंधरा पैशांचे तिकीट

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. आपल्या क्रिकेटचा दूरचा चुलतभाऊ म्हणा. त्या खेळातील खेळाडूंची चित्रे छापलेली, पत्त्याच्या पानाएवढी कार्डे तिकडची मुले शंभरहून अधिक वर्षे जमवीत आली आहेत. पूर्वी ही कार्डे सिगारेटच्या पाकिटात येत, पुढे च्युइंगमबरोबर येऊ लागली. ऑगस्ट २०२२ मध्ये मिकी मँटल या खेळाडूचे १९५२ सालचे एक कार्ड लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. आमचे डोके कारकुनाचे. बातमी वाचताच आम्ही गुणाकार केला. त्या वेळच्या दराने ते शंभर कोटी रुपये होतात. एका पुठ्ठ्याच्या तुकड्याचे!

ज्या कंपनीने ती कार्डे काढली तिच्याकडे १९५२ सालचा बराच माल पडून राहिला होता. तो ठेवायला जागा नाही म्हणून १९६० साली बोटीत घालून समुद्रात बुडविला, असे त्या कंपनीचेच अधिकारी पुढे सांगत. जे शिल्लक राहिले ते दुर्मीळ झाले, आणि ज्या मुलांना लहानपणी ते मिळाले नव्हते ती मोठी होऊन, पैसेवाली होऊन ते शोधू लागली. लिलाव तेव्हापासून चढत गेले आहेत.

पण आमचे लक्ष त्या बातमीपेक्षा त्या कार्डाच्या शेजाऱ्याकडे गेले. १९५२ च्या त्या संचात मँटलचा क्रमांक ३११ आहे. त्याच्या लगेच पुढचे ३१२ नंबरचे कार्ड जॅकी रॉबिन्सनचे. हा रॉबिन्सन म्हणजे विसाव्या शतकात अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल संघांची दारे उघडणारा पहिला काळा खेळाडू. तो ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला ती तारीख १५ एप्रिल १९४७. ही तारीख आपल्या घरात कुणालाही पाठ करायला अवघड जाऊ नये. आदल्या दिवसाच्या मिरवणुकीचा निळा गुलाल तेव्हा आपल्या कपड्यांवर असतोच. रॉबिन्सन मैदानात उतरला आणि दोन-तीन वर्षांत त्याची कार्डे दुकानात आली. त्याआधीच्या काळ्या मुलाने खिशातली नाणी खर्चून कितीही च्युइंगम चघळले तरी त्याच्या हातात गोऱ्या खेळाडूचेच चित्र येत असे. जॉश गिब्सन हा काळ्यांच्या वेगळ्या संघांतला अचाट फलंदाज जानेवारी १९४७ मध्ये, रॉबिन्सनच्या तीन महिने आधी वारला. वय ३५. मोठ्या कंपनीचे कार्ड त्याच्या वाट्याला हयातीत आले नाही. मे २०२४ मध्ये काळ्यांच्या त्या संघांची आकडेवारी मुख्य नोंदीत धरली गेली, तेव्हा फलंदाजीच्या सरासरीत आजवरच्या सर्वांच्या वर नाव आले ते गिब्सनचे. खेळ होता, खेळाडू होता, पाहणारी पोरे होती. फक्त चित्र छापणारा नव्हता.

हे वाचल्यापासून आम्हाला आमच्या भाज्यातली पोरे आठवू लागली, आणि त्यांनी काय काय जमविले तेही.

आमचे बालपण मळवली स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर, लेण्यांच्या पायथ्याशी गेले. पावसाळ्यात धबधब्यावर मुंबई-पुण्याची माणसे लोटत. ती गेली की आमची फौज निघे. काड्यापेट्या आणि सिगारेटची पाकिटे! काड्यापेटीचा छाप सोलून वहीत चिकटवायचा. जहाज, घोडा, चित्ता. पाकिटे मात्र चिकटवायची नाहीत, ती खेळायची. जमिनीवर गोल काढून आत पाकिटांची चळत लावायची आणि चपटा दगड मारून ती गोलाबाहेर काढायची. प्रत्येक पाकिटाचा भाव ठरलेला. चारमिनार सर्वांत खाली, कारण ती गावातले म्हातारेही ओढत. विल्स त्याहून वर. आणि परदेशी पाकीट सापडले तर त्या पोराचा रुबाब आठवडाभर. कुठली वस्तू उच्च आणि कुठली नीच हे कुणी ठरविले, असे आम्ही कधी विचारले नाही. मोठी माणसे तरी कुठे विचारीत होती!

सहावी-सातवीत गेल्यावर काड्यापेट्या सुटल्या आणि पोस्टाच्या तिकिटांचे वेड लागले. आता यात एक अडचण होती, जी शहरातल्या वाचकांच्या चटकन ध्यानात येणार नाही. खेड्यात तिकीट येतच नाही. आमच्याकडे यायचे ते पंधरा पैशांचे पोस्टकार्ड, नाहीतर निळे आंतर्देशीय पत्र. दोन्हीवर तिकीट छापलेलेच असते, वेगळे निघत नाही. लिफाफा यायचा तो सरकारी, किंवा लग्नपत्रिकेचा. त्यावर नेहमीचेच छोटे तिकीट. एखाद्या थोर माणसाच्या स्मरणार्थ काढलेले मोठे, सुंदर तिकीट ठराविक संख्येने छापतात आणि ते संपले की पुन्हा छापत नाहीत. ते मोठ्या शहरातल्या मोठ्या पोस्टात मिळते आणि तिथल्या तिथे संपते.

मात्र भाज्याचे एक नशीब होते. त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचे 'सद्धम्म प्रदीप' हे शिबिर केंद्र आमच्याच गावात आहे. तेथे शिबिरांना इंग्लंडमधून मंडळी येत, त्यांची पत्रे येत. त्यातल्या एका साहेबाने आम्हा पोरांना पाकिटांवरची तिकिटे कापून दिली आणि आमच्यात भांडण पेटले. तिकिटावर राणीचे डोके होते, पण देशाचे नावच नव्हते! एक म्हणाला खोटे तिकीट आहे. गुरुजींनी सोडवून सांगितले की तिकिटाची सुरुवात १८४० साली इंग्लंडमध्येच झाली, तेव्हा दुसरा देशच नव्हता म्हणून त्यांनी नाव घातले नाही, ते आजवर घालत नाहीत. राजाराणीचा चेहरा हीच त्यांची ओळख. आमच्यातला सर्वांत वांड पोरगा लगेच म्हणाला, "मग आपल्या तिकिटावर बाबासाहेबांचा चेहरा टाकला तर नाव टाकायची काय गरज?"

तेथून आमच्या स्वप्नाला तोंड फुटले.

१९९० साली बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे एक रुपयाचे नाणे निघाले होते. त्याची आठवण नाही असे घर समाजात क्वचित असेल. ते चलनातले नाणे, खर्चायचे नाणे, पण ते हाती आले की घरात थांबे. तसबिरीखाली, ट्रंकेत, गाठोड्यात. काहींनी त्याला भोक पाडून गळ्यात घातले. आमच्या आईने एक नाणे डाळीच्या डब्यात ठेवले होते, कारण त्या डब्याला चोर हात लावणार नाही असे तिचे शास्त्र. तेव्हा नाणे मिळविणे अवघड नव्हते. दुकानदाराला सांगून ठेवले की बाजूला काढून ठेवायचा.

तिकिटाचे तसे नव्हते. १४ एप्रिल १९९१ ला एक रुपयाचे तिकीट निघाले. आमचे मामा पुण्यात नोकरीला होते, त्यांनी जीपीओतून पाच आणली. चार आम्ही वाटून घेतली. पाचव्याचे काय करावे यावर सभा झाली आणि ठरले की ते लिफाफ्यावर लावून आपल्याच पत्त्यावर पाठवावे, म्हणजे शिक्का मारलेले तिकीटही संग्रही राहील. पत्रात काय लिहिले ते आता आठवत नाही. तीन दिवसांनी लिफाफा आला. शिक्का असा दणकून बसला होता की तिकिटाचा निम्मा भाग काळा झालेला. आमच्यातला धाकटा रडू लागला.

पण खरे स्वप्न याहून जुने होते. बाबासाहेबांचे पहिले तिकीट १४ एप्रिल १९६६ चे, पंधरा पैशांचे. महापरिनिर्वाणानंतर नऊ वर्षांनी निघालेले. दुसरे १९७३ चे, वीस पैशांचे. ही दोन्ही आमच्या जन्माआधीची. पोस्टात मिळण्याचा प्रश्नच नाही. पंचक्रोशीत पंधरा पैशांचे तिकीट एकाच माणसाकडे होते. कार्ल्याच्या बाजूला एका वस्तीत राहणारे, रेल्वेत गँगमन म्हणून आयुष्य काढलेले एक बाबा. त्यांचे भाऊ मुंबईला बीडीडी चाळीत राहत. त्यांनी १९६६ साली लिफाफ्यातून पाठविलेले पत्र बाबांनी तिकिटासकट जपून ठेवले होते.

ते पाहायला आम्ही चार पोरे रूळ ओलांडून, हायवे ओलांडून पायी गेलो. बाबांनी हात धुवायला लावले, मग लिफाफा दाखविला. हातात दिला नाही. आम्ही सौदा मांडला: राणीची सहा तिकिटे, परदेशी पाकिटे दोन, आणि १९९१ चे नवेकोरे एक. बाबा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "लिफाफ्यावरनं कापायचं न्हाई. ते पत्राबरूबर आलंय, पत्राबरूबरच ऱ्हाईल." आम्ही आमच्या काळ्या झालेल्या तिकिटाची हकीगत सांगितली, तर ते खो खो हसले. "पत्र पोचलं न्हवं? मग त्यानं त्याचं काम केलं की!"

आता वाचक म्हणतील, भाज्यासारख्या गावात, जेथे बावीसशे वर्षांपूर्वीचे चैत्यगृह आहे, दगडात कोरलेले चौदा स्तूप आहेत, तेथल्या पोरांनी कागदाच्या चतकोर तुकड्यासाठी एवढे चालत जावे काय? त्याचे उत्तर आमच्यापाशी आहे. लेणी आमचीच होती, पण ती घरी नेता येत नव्हती. आणि शाळेच्या भिंतीवर थोर पुरुषांच्या तसबिरी लागत त्यात आमच्या माणसाची तसबीर उशिरा लागली. तिकीट सरकारने छापलेले. ते खिशात असले की कुणाशी वाद घालावा लागत नसे.

खेळाडूंच्या चित्रांचेही पाहा. आमच्या वयाची पोरे क्रिकेटपटूंचे फोटो कापून वहीत लावत. संदीप पाटील यांच्या संपादनाखाली निघणाऱ्या 'एकच षटकार'ची पाने तर कातरीवाचून सुटत नसत. पण बाळू पालवणकर हे नाव आम्ही दहावी होईपर्यंत ऐकलेदेखील नव्हते. चर्मकार समाजात जन्मलेला हा माणूस पुण्यात, म्हणजे आमच्यापासून लोकलने सव्वा तासावर, साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची राखण करी आणि साहेबांना गोलंदाजी टाकी. हिंदूंच्या संघात घेतल्यावरही त्याचा चहा पॅव्हिलियनच्या बाहेर, टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात येई. १९११ सालच्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. त्याचे धाकटे भाऊ विठ्ठल १९२३ साली हिंदूंच्या संघाचे कर्णधार झाले. बाळूंनी १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे खुद्द बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून हार पत्करली, हे राजकारण वेगळे. त्याने त्यांची गोलंदाजी लहान होत नाही. त्याच जमान्यात इंग्लंडातल्या सिगारेटच्या पाकिटांतून राजपुत्र रणजितसिंहजींचे चित्र घरोघर जात होते. बाळूंचे चित्र आमच्या एकाही पोराच्या वहीत नव्हते.

तिकिटांच्या दुनियेत आमच्या मते सर्वांत बोलकी दोन तिकिटे आहेत, आणि ती कुणाही होतकरू संग्राहकाला परवडतील. ऑगस्ट १९४९ मध्ये स्वतंत्र भारताने प्राचीन शिल्पांची मालिका काढली, त्यात एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्व होता. चित्र उलटे छापले गेले, त्यामुळे मूर्तीचा डावा हात पुढे आलेला दिसू लागला. १९५० साली दुरुस्त तिकीट निघाले, त्यात उजवा हात. दोन्ही शेजारी ठेवून लहान मुलांना फरक ओळखायला सांगावे, मजा येते. दुसरे तिकीट २४ मे १९५६ चे, बुद्धजयंतीचे, दोन आण्यांचे, बोधिवृक्षाचे. त्याबरोबर चौदा आण्यांचेही एक होते. त्याच दिवशी मुंबईत नरे पार्कच्या सभेत बाबासाहेबांनी ऑक्टोबरमध्ये धम्म स्वीकारणार असल्याचे जाहीर केले. पोस्टाला याची काय कल्पना असणार!

तेव्हा चूक छापली म्हणजे तिकिटाला लाखाचा भाव येतो, असे नाही. डाव्या हाताचा बोधिसत्त्व भरपूर छापला गेला, म्हणून वापरलेले तिकीट आजही स्वस्तात मिळते. भाव येतो तो संख्येमुळे. १९४८ सालचे गांधीजींचे दहा रुपयांचे तिकीट गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी 'सर्व्हिस' असा छाप मारून फक्त शंभर काढले होते. त्यातल्या चार तिकिटांच्या पट्टीला २०१७ साली पाच लाख पौंड आले. बाबासाहेबांचे १९९० चे नाणे मात्र घराघरात आहे. घराघरात असलेली वस्तू लाखाला कोण घेईल?

हे इतक्या विस्ताराने लिहिण्याचे कारण गेल्या पावसाळ्यात घडले. त्या गँगमन बाबांची सून आमच्याकडे आली. बाबा जाऊन बरीच वर्षे झाली. बाईंना मोबाइलवर एक चित्रफीत आली होती: बाबासाहेबांचे एक रुपयाचे नाणे असेल तर तीन लाख मिळतील, खालच्या नंबरवर फोटो पाठवा. त्यांनी पाठविला. पलीकडून गोड बोलणे, रिझर्व्ह बँकेचे म्हणून एक प्रमाणपत्र, आणि नोंदणी फी ११५० रुपये. ती भरली. मग कराचे म्हणून ८५०० मागितले, तेव्हा त्या आमच्याकडे आल्या. मुलीच्या शाळेच्या फीची तोंडमिळवणी चालली होती, त्यात हे तीन लाखांचे स्वप्न पडलेले. आम्ही त्यांना दाखविले की ४ ऑगस्ट २०२१ लाच रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून सांगितले आहे: जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहाराशी बँकेचा संबंध नाही, बँक त्यासाठी फी किंवा दलाली घेत नाही, कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. ८५०० वाचले, ११५० गेले. सायबर गुन्ह्याच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदविली आहे. आपल्या घरात ते नाणे आहे म्हणूनच आपल्या वस्त्यांकडे या भामट्यांचा डोळा आहे, हे वाचकांनी घरातल्या बायाबापड्यांना वाचून दाखवावे.

नाण्याचे ऐकून बाई खट्टू झाल्या. मग पिशवीतून त्यांनी तो लिफाफा काढला. "मग ह्याचं तरी काही येईल का?" इतक्या वर्षांत आमच्या हातात तो पहिल्यांदाच आला. आम्ही खरे ते सांगितले: तिकिटाचे हौशी लोकांत काही रुपये, फार तर एका चांगल्या जेवणाचे येतील. आत पत्र होते. भावाने चाळीतून लिहिलेले. पोटाला काय खातो, गिरणीत पाळी कोणती, आणि शेवटी, पोस्टात बाबासाहेबांचे तिकीट आले म्हणून कार्ड न टाकता या खेपेस पाकीट टाकले आहे, सांभाळून ठेव. बाईंनी ते आजवर वाचले नव्हते.

आता कामाची गोष्ट. डाक विभागाची 'दीनदयाळ स्पर्श' ही योजना २०१७ पासून आहे. तिकीटसंग्रहाचा छंद असणाऱ्या सहावी ते नववीच्या मुलामुलींना वर्षाला ६००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. मागच्या वर्गात ६० टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ५ टक्के सवलत आहे. शाळेत तिकीटसंग्राहक मंडळ नसले तरी चालते, मात्र मुलाच्या नावे पोस्टात फिलाटेली डिपॉझिट खाते हवे. ते २०० रुपयांत उघडता येते आणि त्यातून नवी तिकिटे घरपोच येतात. आधी लेखी प्रश्नमंजुषा, मग तिकिटांवरचा एक प्रकल्प करावा लागतो. जोतीरावांचे १९७७ चे, सावित्रीबाईंचे १९९८ चे, अण्णाभाऊंचे २००२ चे, दीक्षाभूमीचे २०१७ चे, अशी तिकिटे मांडली तरी चांगला प्रकल्प होईल. जुनी तिकिटे लिफाफ्यावरून ओरबाडू नयेत. कोमट पाण्यात भिजवून सोडवावीत आणि सावलीत वाळवावीत. आणि लिफाफ्यावर तारखेचा शिक्का स्पष्ट असेल, आत पत्र असेल, तर सोडवूच नयेत.

बाईंची मुलगी यंदा सातवीत आहे. तिचे खाते आम्ही उघडून दिले. प्रकल्पाच्या वहीत तिने लिफाफा चिकटविलेला नाही. चार कोपऱ्यांना कागदाच्या खाचा करून अडकविला आहे, म्हणजे आतले पत्र काढून वाचता येते.